दारुमाच्या भुवया

जपानमधल्या ताकासाकी शहरात हिवाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. डोंगरांवरून कोरडा, बोचरा वारा सुटतो, त्याला इथले लोक काराक्काझे म्हणतात. सायकल चालवताना तो नकोसा होतो, पण दारुमा, म्हणजे बोधिधर्मांच्या रूपातली गोल, हातपाय नसलेली बाहुली, बनवणाऱ्यांना तोच हवा असतो. कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या या हवेत खडखडीत वाळतात. जपानमधल्या दारुमांपैकी सुमारे ८० टक्के याच शहरात तयार होतात. दर वर्षी ६ आणि ७ जानेवारीला शोरिनझान दारुमाजी या मंदिरात त्यांची मोठी जत्रा भरते. लोक गेल्या वर्षीचा दारुमा मंदिरात परत देतात आणि नवा घेऊन जातात. जुने दारुमा नंतर विधिपूर्वक जाळले जातात.

मी इथल्या एका वृद्धसेवा केंद्रात काइगोचं, म्हणजे शुश्रूषेचं काम करते. जत्रेच्या आठवड्यात आमच्याकडेही दारुमा रंगवण्याचा कार्यक्रम असतो. अंग लाल, चेहरा पांढरा आणि कोरा अशा छोट्या बाहुल्या आणतात आणि ज्यांना जमेल ते आजी-आजोबा त्यावर चेहरा काढतात.

आमच्याकडचे एक आजोबा आयुष्यभर हेच काम करत होते. तोंडावर मी त्यांना आडनावापुढे सान हा आदराचा शब्द लावून हाक मारते, पण मनात ते आजोबाच आहेत. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समोरच्याचं त्यांना सगळं कळतं, पण शब्द तोंडाशी येत नाही. येतो तो एकच, "सो". होकार असला तरी सो, राग आला तरी सो.

या आजाराच्या माणसाला कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, काढताना आधी चांगला हात मोकळा करायचा. हे आमच्याकडून पहिल्यांदाच घोकून घेतात. मी रोज सकाळी त्यांचा उजवा हात बाहीत घालायची आणि ते रोज तोंड फिरवून खिडकीकडे बघायचे. स्वतःच्या त्या हाताकडे त्यांनी कधी पाहिलेलं मला आठवत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट परोपरीने सांगायची, की हा हात पकडू शकणार नाही, पण दाबून धरू शकेल. कागदावर ठेवला तर कागद हलणार नाही. ते ऐकून घ्यायचे आणि हात तसाच मांडीवर पडलेला असायचा. व्हीलचेअरमध्ये बसवलं की थोड्याच वेळात ते उजवीकडे कलंडायचे. उशी लावायची, सरळ करायचं, पुन्हा तेच.

त्यामुळे त्या दिवशी त्यांना रंगाच्या टेबलाशी न्यावं का, यावर आमच्यात चर्चा झाली. ज्या हाताने आयुष्य काढलं तो हात चालत नसताना समोर बाहुली ठेवणं क्रूरपणाचं होईल, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. मलाही त्यात तथ्य वाटत होतं. शेवटी त्यांनाच विचारलं. "सो." आता हा कोणता सो? मान हलली होती, म्हणून नेलं.

मी त्यांच्या डावीकडे बसले आणि भुवया काढायला घेतल्या. ताकासाकीच्या दारुमाच्या भुवया म्हणजे क्रौंच पक्षी आणि मिशा-दाढी म्हणजे कासव. क्रौंच हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार, अशी इथली समजूत आहे. लांबून त्या नुसत्या जाड काळ्या भुवया दिसतात, पण जवळून पाहिलं की चोच आणि पंख ओळखू येतात. मी पेणची. आमच्या गल्लीत गणपतीचे कारखाने होते आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला किती मान असतो, ते मी लहानपणापासून पाहिलंय. तरीही माझ्या भुवईची फुलीच होत होती.

आजोबांनी जिभेने टक् असा आवाज केला. मग डाव्या हाताने माझ्या हातातला कुंचला काढून घेतला.

पहिली रेघ थरथरली. त्यांनी ती बाहुली बाजूला सारली. दुसरी बाहुली कुंचला टेकताच घसरली, कारण खालून ती गोल असते आणि बुडाशी वजन असतं. धक्का लागला की डुलणार, हाच तर तिचा धर्म. ते थांबले. मग त्यांनी कुंचला खाली ठेवला, डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं, मांडीवरून उचललं आणि तो लुळा हात बाहुलीच्या पाठीमागे टेबलावर नेऊन ठेवला. बोटं वळलेली होती, ती एकेक करून सरळ केली. बाहुली त्या हाताला टेकली आणि डुलायची थांबली.

टेबलापलीकडे उभी असलेली थेरपिस्ट हातातला कप तसाच धरून बघत राहिली. महिनोन् महिने जे ती सांगत होती, ते त्यांनी तिच्यासमोर स्वतःहून केलं होतं. व्यायाम म्हणून केलं नव्हतं. काम अडलं होतं, म्हणून केलं होतं.

त्यानंतर मी भुवयांपेक्षा त्यांच्या उजव्या खांद्याकडे जास्त बघत होते. तो खाली जात नव्हता. उशी लावलेली नव्हती आणि ते कलंडले नाहीत. पाठ सरळ, मान किंचित पुढे. रंग वाळायला थांबायचं, पुन्हा कुंचला भिजवायचा, वाटीच्या काठावर निथळायचा. बाकीचे लोक चहा पिऊन खोल्यांत गेले तरी हे टेबलाशीच. क्रौंच वेडावाकडाच आला, पण पंख उघडलेला, जोरकस आला.

दारुमा हे ज्यांचं रूप, ते बौद्ध भिक्षू बोधिधर्म नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसले आणि त्यात त्यांचे हातपाय झडले, अशी आख्यायिका आहे. म्हणून दारुमाला हातपाय नाहीत. परंपरा त्यांना कांचीपुरमचा राजपुत्र मानते, त्यामुळे इथल्या आज्या मला कौतुकाने सांगतात, की दारुमासान तर तुझ्याच देशाचे. मला ही आख्यायिका आधी भयंकर वाटायची. इथली दुसरी हकिकत मात्र मला फार जवळची आहे. १७८३ मध्ये जवळचा आसामा ज्वालामुखी उसळला, राखेने शेतं बुडाली, दुष्काळ पडला. तेव्हा या मंदिराच्या पुजाऱ्यांनी लाकडी साचा केला आणि उपाशी शेतकऱ्यांना कागदाचे दारुमा करून विकायला शिकवलं, असं मंदिराची परंपरा सांगते. म्हणजे ही बाहुली आधी पोट भरण्याचं साधन होती. जिद्दीचं प्रतीक म्हणून तिच्याकडे पाहताना मला हे आधी आठवतं. पीक गेलेल्या माणसांना कुणी धीर धरा म्हणून सोडून दिलं नाही, त्यांच्या हाताला काम दिलं.

मिशा झाल्यावर मी बाहुलीला हलकेच टिचकी मारली आणि म्हटलं, "नाना कोरोबि..." सात वेळा पडणं, आठ वेळा उठणं अशी ही म्हण आहे आणि दारुमाबरोबर ती हमखास येते. आजोबांनी मान वर केली. "या ओकि," ते म्हणाले. स्पष्ट. पूर्ण. स्पीच थेरपिस्टने नंतर समजावलं, की पाठ झालेल्या म्हणी, गाणी, आकडे असे कधीकधी बाहेर येतात. त्यावरून बोलणं परत येईल असं धरून चालू नका. ते मी समजून घेतलं. तरीही त्या क्षणी मला रडू आलं, ते आलंच.

डोळे राहिले होते. नवस बोलताना दारुमाचा डावा डोळा भरायचा, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडचा, आणि इच्छा पूर्ण झाली की दुसरा. कार्यक्रम घेणारी ताई उत्साहाने म्हणाली, "आता तुमची इच्छा मनात धरा आणि डोळा काढा." आजोबांनी जोरात मान हलवली. कुंचला पुसला आणि बाहुली उचलून माझ्यासमोर ठेवली.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. दारुमा घडवणारा डोळे भरत नाही. डोळे भरायचे ते घेणाऱ्याने. इतके दिवस ते आमच्या सेवेतले एक रुग्ण होते. त्या टेबलावर ते पुन्हा कारागीर झाले होते आणि मी त्यांची गिऱ्हाईक. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी माझी काइगोची राष्ट्रीय परीक्षा होती, १२५ प्रश्न, सगळे जपानीत. मी ती इच्छा धरून डोळा भरला. त्यांनी बारकाईने पाहिलं. "सो." हा सो होकाराचा होता, यात मला शंका नव्हती.

त्या दिवशीच्या नोंदीत मी भावना लिहिल्या नाहीत. उशीशिवाय बसले, उजवा हात आधार म्हणून स्वतःहून वापरला, उजवीकडे कलणं आढळलं नाही, इतकंच लिहिलं. पुढच्या बैठकीत त्यांची सेवायोजना बदलली. आधी ध्येय होतं, व्हीलचेअरवर सुरक्षित बसणे. नवीन ध्येय त्यांच्या मुलीने सुचवलं आणि त्यांनी डाव्या हाताने सही केली: दर गुरुवारी दुपारी टेबलाशी बसून कर्मचाऱ्यांना दारुमाच्या भुवया शिकवणे.