हॉस्पिटलात गाढ झोपलो, घरी मात्र नाही (माझा स्लीप स्टडीचा अनुभव)

दोन वर्षं झाली, रात्री तीनपर्यंत डोळे टक्क उघडे. नागपूरचा मे म्हणजे ४५ डिग्री, त्यामुळे सगळे म्हणायचे गर्मीनं होत असेल, पण कूलर झाकून ठेवले, स्वेटर निघाले तरी माझं तेच. त्यात घोरतोही, म्हणून डॉक्टरांनी श्वास तपासायला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात एका रात्रीच्या स्लीप स्टडीला पाठवलं.

टेक्निशियन ताईंनी केसांत भांग पाडत पाडत गार चिकट पेस्ट लावून डोक्यावर वायरी बसवल्या, मग डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पिंढऱ्यांना, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. म्हटलं आज तर डोळाच लागत नाही. अन् साडेदहाला पडलो ते सकाळी ताईंनीच हलवून उठवलं!

रिपोर्टमध्ये झोप सहा तास, श्वास नॉर्मल. आई म्हणाली, "पाय बाप्पा, काहीच नाही तुले, उगाच टेन्शन घेऊन राहिला." फार लागलं ते. मी काय दोन वर्षं खोटं बोलत होतो का?

डॉक्टरांना मात्र नवल वाटलं नाही. ते म्हणाले, बहुतेकांची नव्या जागी पहिल्या रात्री झोप बिघडते, फर्स्ट नाइट इफेक्ट म्हणतात त्याला, १९६६ पासून त्यावर लिहिलं गेलंय, पण निद्रानाशाच्या काही पेशंटचं नेमकं उलटं होतं, कारण घरचा पलंग, तो पंखा, ती भिंत सगळं जागरणाशीच जोडलं गेलेलं असतं आणि परक्या खोलीत ते काहीच नसतं. म्हणजे मशीनही खरं अन् मीही खरा! हे कोणी आधी सांगितलं असतं तर रिपोर्टनंतरचे ते चार दिवस इतके वाईट गेले नसते.

मग १४ दिवस घरीच मोजमाप, मनगटावर हालचाल टिपणारा पट्टा आणि उशाशी झोपेची डायरी. त्यातही एक गोम आहे, बायकोची झोप मोडू नये म्हणून मी जागा असलो तरी कूस बदलत नाही, आणि न हलता पडलेल्या माणसाला पट्टा झोपलेलाच धरतो. त्यामुळे पट्ट्यापेक्षा डायरीत झोप कमी दिसली. डायरी मात्र रोज सकाळी चहाआधीच भरा, दुपारपर्यंत आठवत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं अन् फाइलवर निद्रानाश असं लिहिलं. घरी आल्यावर आईला ती ओळ वाचून दाखवली. तेव्हापासून ती रात्री दहानंतर टीव्हीचा आवाज बारीक करते.