थांबा, जातील

दुपारी कपडे काढायला गॅलरीत गेले, तर बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनच्या फटीशी एक मधमाशी घोटाळत होती. आत जायची, बाहेर यायची, वीतभर मागे सरून फटीकडे तोंड करून तरंगत राहायची, की पुन्हा आत. फुलापाशी माशी अशी वागत नाही. बाई जागा बघायला आल्या होत्या. मला बरं वाटलं. (बरं वाटलं ते घरात एकट्या मलाच. बाकीच्यांनी आधी दार लावून घेतलं.)

माश्यांचं नाव काढलं की ज्याच्या त्याच्याकडे उपाय तयार असतो. धूर करा, पाणी मारा, फवारा आणा, रात्री पेटवा. ‘काही करू नका’ म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. फांदीला किंवा कठड्याला अचानक लटकलेला घोस बहुतेकदा वाटसरूंचा असतो. जुनी राणी पोळं लेकीच्या हवाली करून निम्म्याहून अधिक प्रजेसह बाहेर पडलेली असते. निघताना सगळ्यांनी पोटभर मध घेतलेला, राखायला पिल्लं नाहीत की साठा नाही. म्हणून एरवीची ही तिखट मंडळी त्या दिवशी बरीच गरीब असतात. कोणी डिवचलं नाही तर काही तासांत, फार तर दोनचार दिवसांत, जागा ठरवून निघून जातात.

जागा ठरते कशी, हे माझं आवडतं प्रकरण. १९४९ साली जर्मनीत म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर हा मधमाश्यांचा अभ्यासक असाच एक लटकलेला थवा बघत होता. थव्यावर काही माश्या नाचत होत्या. नाचून दिशा आणि अंतर सांगायची मधमाश्यांची रीत त्याच्या गुरूंनी, कार्ल फॉन फ्रिश यांनी, उलगडली होती. (पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं.) पण नाचणारी माशी म्हणजे फुलांवरून आलेली, असंच तोवर सगळे धरून चालले होते. या माश्यांच्या अंगावर परागाचा कण नव्हता. कोणी काजळीनं काळी, कोणी विटांच्या धुळीनं लाल, कोणी पिठानं पांढरी. युद्धात पडझड झालेल्या शहरात धुराडी आणि भिंतीतली भोकं धुंडाळून त्या आल्या होत्या, आणि जिला जे सापडलं त्याची ती शिफारस करत होती. हे वाचल्यापासून माझा हात माशीवर उठत नाही.

आमची जागा मात्र नापास झाली. युरोपातल्या मधमाश्यांना साधारण ४० लिटरची पोकळी पसंत पडते, तीही उंचावर आणि दार लहान असलेली. त्या आत चालत फिरून मोजमाप घेतात म्हणे. इथे दार होतं, उंची होती, पण पलीकडे घर कुठे होतं? बाई परत आल्या नाहीत. जरा अपमानच वाटला.

लहानपणी उन्हाळ्यात अंगणातल्या गळक्या नळावर माश्या पाणी न्यायला यायच्या. आजीचा हुकूम एकच, “पुतळा हो.” कानाच्या पाळीवरून माशी चालत असताना पुतळा होणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. धाकटा भाऊ झटकायचा, किंचाळायचा, मग त्याला चावायची. आजी नखानं काटा खरवडून काढायची. विषाची पिशवी काट्याबरोबर कातडीतच राहते आणि विष सोडत राहते, त्यामुळे हे काम झटपट व्हायला हवं. ती झटपटच करायची, पण करता करता त्यालाच बोलायची, “मेली बघ बिचारी तुझ्यापायी!” रडतोय हा आणि घरातली सगळी माया माशीकडे. त्यानं ते अजून विसरलेलं नाही.

पुतळ्याचा नियम एकट्यादुकट्या माशीपुरता. उठलेल्या आग्यामोहोळापुढे जो पुतळा होईल त्याचं काही खरं नाही. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि बाकीच्यांना तो ‘इथे चावा’ असं सांगतो. तिथे तोंड झाकून धावायचं आणि दाराआड व्हायचं.

आणि एकदा भिंतीत बिऱ्हाड थाटलं की ‘थांबा, जातील’ म्हणण्यात अर्थ नाही. फवारा मारला तर माश्या मरतात, पोळं तसंच राहतं. पंखांनी वारा घालून ते गार ठेवणारं कोणी उरत नाही. मेण मऊ पडतं, मध झिरपतो, मुंग्या येतात, किडे पडतात आणि उरलेल्या वासावर पुढेमागे नवा थवा येतो. माहीतगाराकडून राणीसकट पोळी काढून न्यावीत, आणि फट बुजवायची ती त्यानंतर. आत माश्या असताना बुजवली तर त्या घराच्या बाजूनं वाट शोधतात.

खालच्या मजल्यावरच्या काकूंसमोर मी यातलं काही बोलत नाही. त्यांना एकच माशी चावली होती. ओठ सुजले, घसा आवळला, दवाखाना गाठेपर्यंत शुद्ध हरपली. आता त्यांच्या पर्समध्ये कायम इंजेक्शन असतं. त्यांच्या खिडकीशी माश्या दिसल्या, मग त्या वाटसरू का असेनात, तर मी लिंडाउअरचं नावही काढणार नाही. पोळं काढणाऱ्याला फोन करेन, आणि तो ‘उद्या येतो’ म्हणाला तर ‘आजच या’ म्हणेन.