आमची वाटचाल : पंच्याऐंशी पाच पाच

आबांनी कोल्हापुरात उद्यमनगरला दोन खड्डा भट्ट्यांवर फाउंड्री चालू केली तेव्हा आमचा माल म्हणजे गनमेटल या मिश्रधातूचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, बास. 85 टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच टक्के. आयएस 318 या भारतीय मानकातलं त्याचं एलटीबी 2 हे नाव मला नंतर कळलं, आबा आपले "पंच्याऐंशी पाच पाच" म्हणायचे आणि रस ओतायला झाला का नाही ते जाळाच्या रंगावरून सांगायचे.

मेन गिऱ्हाईक साखर कारखाने. मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच घेतो पण लोड प्रचंड, एवढ्या कमी स्पीडला तेलाची फिल्म धड धरतच नाही, त्यात वरून उसाचा रस आणि पाणी आत शिरतं. एका कारखान्याचे इंजिनियर साहेब म्हणाले, बुश सीझनभर पुरत नाही, काहीतरी कडक द्या की.

मी नुकताच डिप्लोमा करून आलेलो, काढला तक्ता. वाळूत ओतलेल्या गनमेटलची ताकद 200 मेगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनियम ब्राँझ एबी 2 ची 640, म्हणजे तिप्पट! आबा म्हणाले, "कडक असलं म्हणजे चांगलं असं नसतंय बाळा", पण ऐकतोय कोण. साडेनऊ टक्के ॲल्युमिनियम, लोखंड आणि निकेल पाच-पाच टक्के. वरून धार सोडली की ऑक्साइडची साय मालात गुंतते, चार कास्टिंग भंगारात गेल्यावर मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, साच्याच्या तोंडाला टेकवून संथ ओतायला शिकलो. बुश झाले एकदम झकास, टर्निंगवाला टूल झिजतंय म्हणून शिव्या घालत होता त्याचं मला कौतुकच वाटलं.

ऐन सीझनमध्ये फोन आला. बुश जसेच्या तसे, शाफ्टला चरे! शाफ्ट साध्या मीडियम कार्बन स्टीलचा, हार्डन केलेला नाही. तेल कमी पडलं तर गनमेटलमधलं शिसं पसरून थोडा वेळ शाफ्टला सांभाळून घेतं, कचरा आला तर मऊ बुश तो पोटात घेतो, एबी 2 मध्ये शिसं नाहीच. बुश बदलता येतो हो, पण रोलरच्या शाफ्टचा खर्च विचारू नका. पेमेंट बुडालं, गिऱ्हाईक आबांच्या शब्दावर टिकलं.

हे निस्तरतोय तोवर व्हॉल्व्ह बॉडीचे गनमेटल कास्टिंग प्रेशर टेस्टला पाझरायला लागले. भंगार बदललं, कोक बदलला, वाळू बदलली, आठ-दहा दिवस नुसता डोक्याला ताप. शेवटी लक्षात आलं की एबी 2 वितळवलेल्या मुशीतच आम्ही गनमेटल वितळवत होतो. शिसंवाल्या गनमेटलमध्ये 0.01 टक्के ॲल्युमिनियम गेलं तरी खेळ खलास.

तेव्हापासून ऑर्डर आली की आधी प्रश्न विचारतो, शाफ्ट कशाचा, स्पीड किती, तेल कोण घालतं आणि खरंच घालतं का. वर्म गिअरमध्ये वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला शाफ्ट, हार्डन केलेला असेल तर त्यानं फिरणारं व्हील फॉस्फर ब्राँझचं, कथील 11-12 टक्के. मऊ तांब्यात तांबं-कथील मिळून झालेले कडक कण बसतात, लोड ते कण घेतात. गंमत अशी की तीच धातू वाळूत हळू गोठली तर दाणा जाड पडतो आणि लोखंडी फिरत्या साच्यात पटकन गोठली की बारीक, ताकद 220 ची 300 च्या वर जाते, कथील गुंजभर वाढवायला नको. म्हणून सेकंडहँड सेंट्रिफ्युगल मशीन घेतलं, कर्ज काढून, घरी बोलणी खाऊन. फॉस्फर कॉपर, म्हणजे फॉस्फरस मिसळलेलं तांबं, मोजून टाकतो कारण फॉस्फरस ऑक्सिजन काढतो, ओलाव्यातून येणारा हायड्रोजन नाही, त्यामुळे भंगार आणि मूस आधी कडकडीत तापवूनच घ्यायची, पावसाळ्यात तर हमखास.

एबी 2 अजून करतो, खाऱ्या पाण्याच्या पंपाच्या इंपेलरला ते भारी चालतं. त्याची मूस वेगळी, लाल पट्टा मारलेली. आबा आता भट्टीपाशी थांबत नाहीत, पण सकाळी आले की पहिल्यांदा ती मूस कुठं ठेवलीय ते बघतात, मग चहा.