चायनात राहतेस ना, मग एक फर्स्ट कॉपी आण की!

पुण्याचं तिकीट काढलंय असं म्हणायचा अवकाश, फॅमिली ग्रुपवर धडाधड फोटो पडायला लागतात. ही लुई व्हिटॉन, ती गुची, "फर्स्ट कॉपी बघ ना गं, तिकडे तर ढिगाने मिळतात." मिळतात, नाही असं नाही. शांघायला सायन्स म्युझियमच्या मेट्रो स्टेशनातलं मार्केट त्यासाठीच फेमस आहे, पण मी गेले तेव्हा तिथे घासाघीस करणारे बहुतेक सगळे आपल्यासारखे बाहेरचेच. आणि खरं सांगू का, मला आता याचा वैताग यायला लागलाय. चायना म्हणजे डुप्लिकेट हे आपल्या डोक्यात इतकं फिट्ट बसलंय की कोविडच्या आधी जगातल्या लक्झरी खरेदीतला साधारण एक तृतीयांश पैसा चिनी गिऱ्हाइकांच्या खिशातून जात होता हे सांगितलं तर लोक हसतात. माझ्या इथल्या शेजारच्या चिनी मावशींसमोर मी खोटी बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरले तर त्या एक शब्द बोलणार नाहीत, पण त्यांची नजर बरोब्बर शिवणीवर जाईल. त्यापेक्षा भाजीची पिशवी बरी.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे याच मावशींकडे गेल्या आठवड्यात जेवताना झालेलं मायलेकींचं भांडण. मावशींनी लेकीला नोकरी लागल्यावर एक महागडी बॅग घेऊन दिली होती, आणि लेकीने ती परस्पर शियेनयूवर, म्हणजे आपल्या ओएलएक्ससारखं ॲप आहे त्यावर, विकून टाकली. वापरतच नव्हते म्हणाली, ऑफिसला कापडी झोळी पुरते. मावशींनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्या बॅगेचा केशरी डबा, रिबिनीसकट, अजून त्यांच्या कपाटावर होता आणि हिने डबा नसल्यामुळे भाव कमी आला अशी वर तक्रार केली! ऐंशी पार केलेल्या आजी इतका वेळ माशाचे काटे काढत होत्या, त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, "कितीला गेली?"

आजींचा हिशोब वेगळाच. त्यांच्या काळात लक्झरी म्हणजे सायकल, शिवणयंत्र आणि मनगटी घड्याळ. शांघाय ब्रँडचं घड्याळ १२० युआनच्या आसपास आणि कामगाराचा पगार ३०-४० युआन, त्यात नुसते पैसे असून भागायचं नाही, वर सरकारी कुपन लागायचं. धान्याची कुपनं १९५५ ला सुरू झाली ती पार १९९३ पर्यंत चालली. त्यामुळे या घरात टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिक आहे आणि दह्याचे रिकामे डबे फेकलेले मी पाहिले नाहीत (आपल्याकडच्या श्रीखंडाच्या डब्यांबद्दल मी काही बोलत नाहीये).

पण माझा जीव तुटतो तो मावशींसाठी. सगळे हसतात ते याच पिढीला, नवश्रीमंत म्हणून, आता तर सरकारसुद्धा सोशल मीडियावर श्रीमंतीचं प्रदर्शन करणाऱ्यांची अकाउंट बंद करतंय. लुई व्हिटॉनचं चीनमधलं पहिलं दुकान बीजिंगला १९९२ साली उघडलं, तेव्हा या बाई कपड्यांच्या कारखान्यात टाके घालत होत्या. पुढे स्वतःचा धंदा काढला, आणि त्या म्हणतात की साधी बॅग घेऊन गेले तर समोरची पार्टी बसायलाही सांगायची नाही, चांगली बॅग टेबलावर ठेवली की चहा यायचा. कुणी ओळखीचं नाही, बापजाद्यांची पेढी नाही, मग पत दाखवायची कशी? त्यांच्या मिस्टरांच्या सरकारी मित्रांनी मात्र घड्याळं कधीच काढून ठेवलीत. २०१२ मध्ये शाआन्शी प्रांतातल्या यांग दाचाय नावाच्या अधिकाऱ्याचे अपघाताच्या जागी हसतानाचे फोटो आले, लोकांनी त्याची महागडी घड्याळं मोजली आणि पुढच्याच वर्षी लाचखोरी आणि बेहिशेबी संपत्तीसाठी त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

आणि लेकीचं ते साधेपण! एकुलती एक, फ्लॅट आईबापांनी घेऊन तिच्या नावावर केलेला, हप्ता नाही, काही नाही. अशा वेळी झोळी घेऊन फिरायला काय जातंय? त्याच झोळीला लाबुबू लटकवलेलं असतं बरं का, ते दात विचकणारं बाहुलं, आत कुठलं निघेल माहीत नसताना शंभरेक युआनचे डबे एकामागून एक फोडायचे. ते मटेरियलिझम नाही म्हणे, ते मनाला बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला तिची पटते. दर महिन्याला पगार झाला की एक ग्रॅमचा सोन्याचा दाणा घेते आणि काचेच्या छोट्या बाटलीत टाकते, इथल्या बऱ्याच पोरी करतात हे. मी तिला म्हणलं आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तर ती म्हणे मग तुम्ही पण लक्झरीवालेच की. आता हिला काय सांगणार, माझ्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत ते स्त्रीधन आहे, अडीअडचणीला असतं, त्याची बॅगेशी बरोबरी कशी होईल.

सध्या मायलेकींचा समेट झालाय तो लाओपू गोल्डवर. हा चिनी ब्रँड २०२४ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात आला, जुन्या राजवाड्यातल्या घडणीसारखे दागिने करतात आणि दुकानाबाहेर तासन्‌तास रांगा. मावशींना ब्रँड मिळाला, लेकीला सोनं मिळालं. पण आजी भयंकर चिडल्यात, कारण तिथे दागिना वजनावर नाही, अख्ख्या नगाच्या किमतीवर विकतात आणि अधूनमधून किंमत वाढवतात. वजन न बघता सोनं घ्यायचं? मी पूर्णपणे आजींच्या बाजूने आहे, घडणावळ किती लावली हे ज्या सोनाराला विचारता येत नाही तो सोनार कसला! तरी शनिवारी त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहणार आहे, मावशींचे गुडघे दुखतात आणि नंबर धरायला माणूस लागतं म्हणून, बाकी काही नाही.