शुगर १७८

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात मी रात्रपाळीला होतो. साडेअकराच्या सुमारास एका प्राथमिक शाळेतले सर कॅज्युअल्टीत आले. वय ५१, मधुमेह सहा वर्षांचा. दोन दिवस उलट्या, पोट दुखतंय, उभं राहवत नाही. सोबत बायको आणि मेहुणा.

बोटाला टोचून शुगर बघितली. १७८.

"बघा दाजी, पथ्य लागू पडलं तुम्हाला," मेहुणा म्हणाला. एरवी सरांची शुगर अडीचशे-तीनशेच्या खाली यायची नाही म्हणे.

पथ्य काय, तर नऊ दिवस भाकरी बंद, चपाती बंद, भात, डाळ, फळं सगळं बंद. सकाळी तूप घातलेली कॉफी, दुपारी पनीर, रात्री अंडी. मोबाईलवर कुठलासा ग्रुप होता, त्यावर रोज सकाळी वजन टाकायचं. सर ७८ वरून ७४ वर आले होते. नऊ दिवसांत चार किलो! ग्रुपवर टाळ्यांचा नुसता पाऊस पडला होता, तो मेहुण्यानं मला तशातही उघडून दाखवला.

मी छाती तपासली, साफ. ऑक्सिजन ९८. ईसीजी नॉर्मल. इतक्या तुपा-लोण्यानं पोट बिघडणारच असं मनाशी म्हटलं आणि केसपेपरवर 'गॅस्ट्रायटिस' लिहिलं. रात्री बारा वाजता हा शब्द फार सोयीचा असतो. ॲसिडिटीचं एक इंजेक्शन, उलटीचं एक, सलाईनची एक बाटली, आणि सकाळी घरी.

सिस्टर इंजेक्शन देऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "सर, पेशंटचा श्वास मोजला का? मी मोजला, बत्तीस आहे."

छाती साफ, ऑक्सिजन चांगला आणि श्वास मात्र पळत आल्यासारखा. मी पुन्हा खाटेपाशी गेलो. तेवढ्यात त्यांच्या मिसेस दबक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू का? ह्यांच्या तोंडाला परवापासनं वास येतोय. आमची पोरगी नेलपॉलिश पुसायला ते पाणी वापरती ना, तसला."

"मग आधी कुठं दाखवलं नाहीत?"

"ग्रुपवर विचारलं की. तर म्हणाले, अभिनंदन, चरबी जळायला लागली."

माझ्या तोंडावर मास्क होता. तो खाली केला आणि वाकलो. आला वास.

"रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" हा प्रश्न खरं तर पहिल्या मिनिटाला विचारायचा. काकूंनी पिशवीतून पाकीट काढलं. मेटफॉर्मिन, आणि दुसरी डापाग्लिफ्लोझिन. सर दोन्ही गोळ्या नेमानं घेत होते, उलट्या होत असतानासुद्धा. शिस्तीचे शिक्षक!

लघवीची पट्टी बुडवली. कीटोनचा, म्हणजे चरबी जळताना तयार होणाऱ्या आंबट पदार्थांचा, चौकोन बघता बघता गर्द जांभळा झाला. शेजारचा साखरेचा चौकोनही पार टोकाच्या रंगाला गेला. रक्तात १७८ आणि लघवीत इतकी साखर, हे एरवी जुळत नाही. ती दुसरी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, पोटात असली की जुळतं, कारण तिचं कामच ते. मूत्रपिंड गाळलेली साखर परत रक्तात घेतं, ते ही गोळी अडवते आणि साखर लघवीवाटे जाते. गोळी चांगलीच आहे, मी स्वतः लिहून देतो. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली आणि गावोगाव पोचली.

पण एकीकडे गोळी साखर बाहेर काढत राहणार आणि दुसरीकडे पोटात भाकरीचा तुकडा नाही. मग शरीरातलं इन्सुलिन आणखी खाली जातं, यकृत चरबीपासून कीटोन बनवत सुटतं आणि रक्त आंबट होत जातं. निरोगी माणसानं भाकरी सोडली तर कीटोन थोडे वाढतात आणि तिथंच थांबतात, कारण आवरायला इन्सुलिन असतं. सरांच्याकडे ते तेवढं नव्हतं. एरवी या आजारात, म्हणजे कीटोॲसिडोसिसमध्ये, शुगर चारशे-पाचशे दिसते, डॉक्टर दचकतो. इथं शुगर छान दिसते आणि डॉक्टर गॅस्ट्रायटिस लिहितो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ सालीच याचा इशारा दिला होता. मी तो वाचलाही होता.

आयसीयूत रक्तातली आम्लता तपासली. पीएच ७.१४, बायकार्बोनेट ८, दोन्ही धोक्याइतके खाली. फिजिशियनना फोन केला, ते दहा मिनिटांत आले.

यापुढचा तमाशा औषधाचा. इन्सुलिन दिल्याशिवाय कीटोन थांबत नाहीत. पण शुगर आधीच १७८, नुसतं इन्सुलिन दिलं तर ती धाडकन खाली येणार. म्हणून एका हातात इन्सुलिन आणि दुसऱ्या हातात साखरेचं सलाईन. शिवाय पोटॅशियमवर नजर. बाटलीवरचं 'डेक्स्ट्रोज' मेहुण्यानं वाचलं आणि तो दारातच आडवा झाला. "शुगरच्या पेशंटला साखर चढवताय? नऊ दिवस या माणसानं चहात साखर घेतली नाही!" त्याला समजावण्यात जो वेळ गेला त्यात मी काय बोललो ते आता आठवत नाही. काकू मात्र म्हणाल्या, "दादा, गप बस. त्यांना कळतंय." मला अर्ध्या तासापूर्वी कळलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहाटेपर्यंत श्वास चोविसावर आला. दुसऱ्या दिवशी सरांनी भाताची पेज मागितली.

भाकरी-भात कमी करण्याशी माझं भांडण नाही. मधुमेह्यानं ते कमी केले की शुगर खरोखर उतरते, फक्त आधी गोळ्या बदलून घ्याव्या लागतात. चीड येते ती त्या ग्रुपच्या हिशेबाची. डोकं दुखलं तर शरीर सरावतंय, गळून गेलात तर विष बाहेर पडतंय, तोंडाला वास आला तर अभिनंदन. आजारी पडायला जागाच ठेवलेली नाही. आणि माझा केसपेपर तरी काय वेगळा होता? मीही १७८ बघून बाकीचं बघणं सोडलंच होतं.

तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर सर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "पण डॉक्टर, चार किलो चरबी गेली हे तर खरं ना?"

मी म्हटलं, "सर, तुम्हीच गणित करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी."

त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला मांडलं. चार गुणिले ७,७००, बरोबर ३०,८००. भागिले नऊ. फळ्यावर लिहावं तसं स्वच्छ अक्षर. "३,४२२. रोजची तूट." पेन थांबलं. "एरवी माझं खाणं किती धरायचं?"

"बावीसशे धरा."

"म्हणजे नऊ दिवस अन्नाचा कणही न घेता पडून राहिलो असतो तरी..."

"नसतं जमलं. निम्म्याहून जास्त पाणीच गेलं ते."

यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून. भाकरी बंद झाली की पहिल्यांदा तो साठा जातो, पाण्यासकट. वर गोळीनं लघवी वाढवलेली आणि दोन दिवसांच्या उलट्या.

"मग खरं पथ्य कुठलं?"

मी त्यांना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास सांगितला. ६०९ माणसं, निम्म्यांचं तूप-तेल कमी केलं, निम्म्यांची भाकरी-भातासारखी पिठूळ खाणी कमी केली. वर्षाअखेर पहिल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६. फरक धरण्याजोगा नाही. सर म्हणाले, "वर्षात सहा?" नऊ दिवसांत चार बघितलेल्या माणसाला ते फारच किरकोळ वाटलं असणार.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज. ती गोळी बंद करून दुसरी लिहिली होती. रक्ताचे रिपोर्ट सगळे जागेवर. निघताना सर आपणहून वजनकाट्यावर उभे राहिले, चप्पल काढून, खिशातली किल्ली मेहुण्याकडे देऊन.

७७.

त्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डॉक्टर," ते म्हणाले, "तीन किलो परत आणलंत की हो तुम्ही."