नाकात वास, पण पेशी गप्प

आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत स्पीकर कायम चालू असतो. उंदराच्या मेंदूत उतरवलेल्या प्रोबचा, म्हणजे सुईसारख्या बारीक इलेक्ट्रोडचा, सिग्नल स्क्रीनवर दिसतोच, पण हात कामात गुंतलेले असताना भिस्त कानावर. पेशीने एक स्पाइक, म्हणजे विजेचा एक ठोका, टाकला की टक् असा आवाज येतो. त्या दिवशी हे टक् अगदी तुरळक येत होतं आणि शेजारी बसलेली इंटर्न बेचैन झाली होती.

ती सोलापूर जिल्ह्यातली, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जर्मनीत आमच्या लॅबमध्ये आलेली. समोर गरम पॅडवर भूल दिलेली मादी उंदीर होती, ब्लॅक-सिक्स या लॅबमधल्या जातीची. तिच्या नाकपुडीत मी दुसऱ्या जातीच्या, बाल्ब-सी नराच्या मूत्राचा २ मायक्रोलिटरचा थेंब सोडला होता.

"ताई, काहीच येत नाहीये. प्रोब सरकला का?"

"नाही. थांब जरा."

साध्या वासाच्या प्रयोगांची सवय असलेल्या कुणालाही हेच वाटेल. हवेतून येणारा वास मुख्य घ्राणकंदातल्या, म्हणजे मेंदूच्या वास घेणाऱ्या भागातल्या, पेशींना एका श्वासात कळतो. पण आमचा प्रोब त्याच्या मागच्या-वरच्या टोकाला असलेल्या छोट्या उपघ्राणकंदात होता, आणि तिथे बातमी येते ती वेगळ्या इंद्रियाकडून. नाकाच्या पडद्याच्या तळाशी, हाडाच्या कवचात, दोन बारीक नळ्या असतात, मागच्या टोकाला बंद. लुडविग जेकबसन या डॅनिश वैद्याने १८१३ साली त्यांचं वर्णन केलं. उंदराच्या मूत्रातली प्रथिनं हवेत उडत नाहीत. ती नाकाला लागावी लागतात आणि मग त्या नळीत ओढून घ्यावी लागतात. ओढायचं काम नळीला लागून असलेली रक्तवाहिनी करते. सिम्पथेटिक नस, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांची एक मज्जा, तिला आवळते, नळी आतून रुंदावते आणि द्रव आत शिरतो. हा पंप १९७९ साली मेरेडिथ आणि ओकॉनेल यांनी हॅमस्टरमध्ये दाखवला. जागं जनावर उत्तेजित झालं, समोर काही नवं आलं, की तो आपोआप चालतो. भुलेतल्या जनावराचा आपल्याला चालवावा लागतो.

म्हणून सकाळी आधी मानेची शस्त्रक्रिया. कॅरॉटिड धमनीला चिकटून जाणारी ती पांढरी, दोऱ्यासारखी नस अलगद सोडवायची आणि तिच्याभोवती कफ इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारं कडं, बसवायचा. धमनीला धक्का लागला तर सगळं संपलं. ही मादी भुलेतून पुन्हा उठणार नव्हती, हे मला पुरतं ठाऊक असतं. तिचा जीव घेऊन अर्धवट डेटा जमवणं मला पटत नाही, म्हणून या टप्प्यावर मी कुणालाही घाई करू देत नाही.

थेंब टाकून २० सेकंद झाले. मी बटण दाबलं. नसेला १.६ सेकंद वीज मिळाली. क्षणभर तसंच. मग टक्, टक्‌टक्, आणि बघता बघता स्पीकर तडतडायला लागला. वीज केव्हाच थांबली होती, पेशी मात्र चालूच. मुख्य घ्राणकंदाच्या पेशी एका श्वासापुरत्या बोलतात. ही कितीतरी सेकंद तडतडत राहिली आणि सावकाश उतरली.

इंटर्न खुर्चीतून उठली होती. मी तिला नाक रिंगर द्रावणाने, म्हणजे वास नसलेल्या क्षारांच्या पाण्याने, धुवायला लावलं आणि पुढचा थेंब नुसत्या रिंगरचा दिला. पुन्हा थांबणं, पुन्हा बटण. पेशी गप्प. हा थेंब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण विजेनेच पेशी उठवली ही शंका त्याने मिटते. मग ब्लॅक-सिक्स नर: जवळजवळ काही नाही. दोन्ही जातींच्या माद्या: काही नाही. क्रम उलटासुलटा करून परत बाल्ब-सी नर, आणि परत तीच तडतड.

"म्हणजे हिला नुसता नर कळत नाही, कुठला नर ते कळतं?"

एका पेशीवरून तेवढं म्हणता येत नाही, हे मी तिला सांगितलं. पण २००३ साली लुओ, फी आणि कॅट्झ यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांत हेच ऐकलं होतं: समोरच्याच्या तोंडाला प्रत्यक्ष नाक लावलं की पेशी जागी होते, आणि कुठली पेशी जागी होणार ते समोरच्याचं लिंग आणि जात मिळून ठरतं. मादीच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा फरक आहे. १९५९ मध्ये लंडनला हिल्डा ब्रूस यांनी दाखवलं की नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीजवळ परका नर, विशेषतः परक्या जातीचा, आला की पुष्कळदा गर्भ रुजतच नाही आणि ती पुन्हा माजावर येते. आपल्या नराच्या वासाने तसं होत नाही. त्याची ओळख संगानंतरच्या काही तासांत, नॉरॲड्रेनलिन या मेंदूतल्या रसायनाच्या साहाय्याने, याच उपघ्राणकंदात पक्की होते.

नाक धुता धुता ती एकदम म्हणाली, "आमचा बोकड शेळीच्या मुताला तोंड लावतो, अन् वरचा ओठ उचलून तसाच उभा राहतो. तो पण पंपच मारतोय का?"

मला फार आनंद झाला. बोकड, रेडा, घोडा, सगळे ओठ उचलून याच इंद्रियाकडे द्रव पोचवतात. माणसात मात्र या यंत्रणेतला ट्रिप-सी-टू हा कळीचा जनुक निकामी झालेला आहे आणि मोठ्या माणसाच्या मेंदूत उपघ्राणकंदही नाही. तिने हे वहीत लिहून घेतलं, बोकडासकट.

मेंदूचे काप निघाले तेव्हा मायक्रोस्कोपखाली आधी तिलाच बसवलं. प्रोब उतरवण्यापूर्वी त्याला लाल रंग चोपडलेला असतो, त्यामुळे तो कुठून गेला ते दिसतं. लाल रेघ मुख्य कंदातून तिरकी जाऊन उपघ्राणकंदात, मायट्रल पेशींच्या, म्हणजे तिथून बातमी पुढे पाठवणाऱ्या पेशींच्या, थरात थांबली होती. रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं. ही मादी नराला कधी न भेटलेली होती. आता तेच थेंब, त्याच क्रमाने, ब्लॅक-सिक्स नराशी संग झालेल्या मादीवर द्यायचे आहेत. मानेची नस या वेळी इंटर्न सोडवेल, मी शेजारी बसेन.