ऑक्टाव्हिया आरएस कॉम्बी अपडेट: उन्हाळी टायर, ढोल आणि भरलेल्या गाडीचे ब्रेक

मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नव्हतं. गाडी मजेत आहे. ईस्टर झाला, हिवाळी टायर उतरले, गिअरबॉक्सचं ऑइल झालं, पाडव्याच्या कार्यक्रमाला पथकाचे ढोल वाहून झाले आणि ट्यूफ (इथली गाडीची सक्तीची तपासणी) पण पास झाली, तर म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकू.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. गाडी म्हणजे तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (म्हणजे वॅगन) आरएस २४५ (आरएस म्हणजे जास्त ताकदीचं मॉडेल), दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ पीएस (हॉर्सपॉवर), ३७० न्यूटनमीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ताकद फक्त पुढच्या चाकांना. सेकंडहँड घेतली. मी स्टुटगार्टजवळ राहतो, ऑफिस, पोराची शाळा, किराणा, भंगार टाकायला जाणं, सगळं हिच्यावरच, घरात दुसरी गाडी नाही. डिझेल आरएस पण मिळत होती, तिच्यात फोर बाय फोर पण यायचं आणि इंधनाचा हिशोब केला की मोह होतोच, पण स्टुटगार्टने २०१९ पासून युरो ४ (प्रदूषणाचा जुना निकष) च्या डिझेल गाड्या शहरात बंद केल्या, मग काही भागात युरो ५ वर पण संक्रांत आली, आणि आरएस जरी युरो ६ मधे बसत असली तरी म्हटलं नको ते टेन्शन, पेट्रोलच घेऊ.

भारतातून कोणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळते रे?" पळते बाबांनो. कागदावर २५० च्या आसपास, शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांच्या जरा वर, आणि ए ८१ महामार्गावर झिंगेनच्या दिशेने मोकळा पट्टा मिळाला तर कागद खोटं बोलत नाही एवढं नक्की. पण रोज वापरताना हा आकडा कुठे येतो सांगा? शाळेसमोर ३० ची मर्यादा, ऑफिसच्या रस्त्यावर कायम काम चालू. मला या गाडीत रोज उपयोगी पडतं ते ३७० न्यूटनमीटर, जे १६०० आरपीएमपासूनच हाताशी असतात, आणि त्याची खरी किंमत कळते गाडी भरलेली असताना. म्हणून यावेळचा अपडेट सगळा वजनावर आहे.

त्याआधी जरा विषयांतर. मी राहतो त्या भागाचा फास्ट वॅगनशी जुना संबंध आहे. १९९४ ची ऑडी आरएस२ अवांत आठवते ना, पाच सिलिंडर, २.२ लिटर टर्बो, ३१५ पीएस? ती पोर्शेबरोबर मिळून बनवली होती आणि जोडली जायची इथेच, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनमधे. ब्रेक, आरसे, चाकं सगळं पोर्शेच्या खात्यातलं. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार रेसिंगमधे चक्क ८५० इस्टेट उतरवली होती, ट्रॅकवर स्टेशन वॅगन बघून लोक हसले असतील, पण आज तिचेच फोटो लोक भिंतीवर लावतात. आरएस२ नंतर ऑडीचे आरएस४, आरएस६ आले, बीएमडब्ल्यूने २०२२ मधे एम३ टूरिंग काढली, आणि आमच्यासारख्या पगारदारांसाठी स्कोडा. ऑक्टाव्हिया आरएसचा कॉम्बी पहिल्या पिढीपासून आहे, तेव्हा १.८ टर्बो १८० पीएस होतं.

आपल्याकडे मात्र हे गणित कधी जमलंच नाही. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या स्कोडा प्लांटमधून ऑक्टाव्हिया बाहेर पडताना आमच्या पिढीने बघितल्या, आपल्याकडे आरएस पण आली, १५० पीएसची, गावात एक जरी दिसली तरी मित्र फोन करून सांगायचे. पण वॅगन म्हटलं की आपल्या लोकांना ती माल वाहायचीच गाडी वाटते. टाटा इस्टेट, ओपेल कोर्सा स्विंग, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, एकेक आली आणि एकेक गेली. आरएस २४५ भारतात २०२० मधे आली ती फक्त २००, आणि २०२५ मधे नवी २६५ पीएसवाली आली ती १००, किंमत पन्नास लाखाला टेकलेली, आणि दोन्ही वेळेला कॉम्बी नाहीच. इथे उलटं, नवी पासाट तर आता फक्त वॅगन म्हणूनच मिळते, सेडान बंद. असो. हे दुखणं जुनं आहे, सोडा.

टायर. हिवाळ्यात मी १७ इंची चाकं लावतो आणि उन्हाळ्यात १८ इंची, २२५/४० आर १८. इथे एक मोठा पंथ १९ इंचीवाला आहे, फोटोत भारी दिसतं मान्य, पण रोज फरशीच्या गल्लीतून जायचं असेल आणि मागे माणसं बसवायची असतील तर १९ मधे काही अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे, शिव्या घाला खुशाल. सासू सासरे आले होते तेव्हा गाडी १७ वर होती, तरी सासरे म्हणालेच, "जावईबापू, गाडी झकास आहे, पण बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरल्यासारखं होतं बुवा." सासूबाईंनी मात्र डिकी बघून लगेच मोजदाद सुरू केली की लोणच्याच्या बरण्या उभ्या राहतील का. राहतात. ६१० लिटर आहे, सीट पाडल्या की १७४०.

हिवाळी टायरबद्दल नेहमी विचारतात म्हणून लिहितो. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी असेल तर योग्य टायर हवेत असा नियम आहे, नसतील तर ६० युरो दंड आणि ड्रायव्हरच्या नावावर एक दंडाचा पॉइंट. लोक ऑक्टोबर ते ईस्टर धरून चालतात. आणि वेगवान गाडीला एक गंमत आहे, हिवाळी टायरचा स्पीड इंडेक्स (टायरला चालणारा कमाल वेग) गाडीच्या टॉप स्पीडपेक्षा कमी चालतो, पण मग ड्रायव्हरला दिसेल असा स्टिकर लावावा लागतो. माझे व्ही इंडेक्सचे आहेत, म्हणजे २४० पर्यंत, त्यामुळे चार पाच महिने स्पीडोमीटरशेजारी २४० चा स्टिकर असतो आणि मागून पोरगा दर वेळी विचारतो की आज २४० जाणार का. नाही रे बाबा, क्लासला चाललोय.

हवेचं प्रेशर. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कोणी बोलत नाही. फ्युएल कॅपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर आहे (तिथेच तो बर्फ खरवडायचा हिरवा तुकडा पण असतो, स्कोडाचा हा एक नंबर उद्योग आहे), त्यावर रिकामी गाडी आणि पूर्ण भरलेली गाडी असे वेगळे आकडे आहेत आणि मागच्या टायरला भरलेल्या गाडीत बरंच जास्त प्रेशर लागतं. वॅगन घेणारी किती माणसं ट्रिपला निघताना मागचं प्रेशर वाढवतात? मी विचारून बघितलंय, कोणीच नाही. वजन मागे, प्रेशर कमी आणि वर १८० चा वेग, टायरची बाजूची भिंत सतत वाकत राहते आणि तापते, आणि लेन बदलताना मागची बाजू अर्धा क्षण उशिरा येते ते वेगळंच. आणि प्रेशर बदललं की स्क्रीनवर जाऊन नवीन व्हॅल्यू सेव्ह करायची, कारण या गाडीत टायरच्या आत सेन्सर नाही, एबीएसच्या सेन्सरवरून चाकाच्या फिरण्यातला फरक बघून ती अंदाज बांधते. तिला कोणता आकडा बरोबर ते तुम्हीच सांगायचं असतं.

आता ढोल. आमचं पथक छोटं आहे, पण ढोल कोणीतरी न्यायला लागतात आणि वॅगन कोणाकडे आहे तर माझ्याकडे, विषय संपला. मागच्या सीट डिकीतूनच लिव्हर ओढून पडतात, कॉम्बीचं दार वरपर्यंत उघडतं आणि उंबरा खाली आहे, त्यामुळे ढोल उचलून आत टाकताना कंबर मोडत नाही. चार ढोल आडवे बसतात, पाचवा पुढच्या सीटवर बेल्ट लावून, ताशे आणि टिपरू मधल्या फटीत, ध्वज तिरका. पण महत्त्वाचं म्हणजे जाळी. कॉम्बीला मागच्या किंवा पुढच्या सीटच्या मागे उभी ताणून लावायची जाळी मिळते, बऱ्याच सेकंडहँड गाड्यांत ती नसते किंवा आधीच्या मालकाच्या गॅरेजमधे पडलेली असते, वेगळी विकत घ्या पण घ्याच. १३० वरून जोरात ब्रेक मारला की ढोल पुढे यायचा थांबत नाही आणि त्याला मधे तुमचं डोकं आहे हे कळत नाही. खालचे वेल्क्रोवाले प्लास्टिकचे कोपरे पण मस्त, ढोलाला अडसर म्हणून लावले की गडगडत नाही. एक त्रास आहे, गाडीत चामड्याचा वास दोन दिवस राहतो, बायको म्हणते पथकानेच नवीन गाडी घ्यावी.

ब्रेकचं गणित एकदा कागदावर मांडलं. रिकामी गाडी साधारण दीड टन. चार माणसं आणि सामान धरलं की १९०० किलो सहज. आता रिकामी गाडी १३० वर आणि भरलेली गाडी २०० वर, या दोघींना पूर्ण थांबवायचं तर दुसऱ्या वेळी ब्रेकला पहिल्याच्या तिप्पट ऊर्जा गिळावी लागते. वेग दीडपटच्या जरा वर, पण त्याचा वर्ग होतो आणि वर वजन. ही सगळी उष्णता डिस्कमधे जाते आणि तिथून ब्रेक फ्लुइडमधे. म्हणून दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलतो, ते हवेतलं पाणी शोषतं, पाणी आलं की उकळायचं तापमान खाली येतं, आणि ते कधी कळतं तर नेमकं उजवीकडून एखादा ट्रक तुमच्या लेनमधे आला की. भरलेल्या गाडीत मी १५० च्या वर जात नाही. शिवाय इथे १३० ही शिफारस आहे, बंधन नाही, पण त्याच्यावर असताना अपघात झाला तर तुमची चूक नसली तरी जबाबदारीचा काही वाटा अंगावर येऊ शकतो. हे नवीन आलेल्या आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

मग ताकदीचा उपयोग काय? ए ८ महामार्गावर उल्मकडे जाताना आल्ब डोंगराचा चढ लागतो. तिथे चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या लेन डोंगराच्या वेगवेगळ्या बाजूंनी जातात, चढाची बाजू जुनी, अरुंद, कडेला थांबायला जागा नाही, ट्रक धापा टाकत असतात. तिथे पाच माणसं, छतावर बॉक्स आणि मागे सगळा पसारा घेऊन मर्यादेत राहून ट्रकमागून बाहेर पडायचं आणि मागून येणाऱ्याला त्रास न देता पुढे जायचं, ते ही गाडी दोन गिअर न उतरवता करते. मला तेवढ्यासाठी २४५ पीएस हवे होते. मागे घेतलेल्या भाड्याच्या छोट्या इंजिनच्या वॅगनमधे याच चढावर सगळे गप्प बसायचे, एसी बंद करून.

ओल्या रस्त्यावर पुढची दोन चाकं ३७० न्यूटनमीटर पेलतात का? एका मर्यादेपर्यंत. २४५ ला पुढे इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक (दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) आहे, वळणातून निघताना ते बाहेरच्या चाकाला ताकद देतं आणि नाक आत ओढलं जातं. हे जाणवतं, आणि मजा येते. पण पावसात सिग्नलवरून सरळ निघताना जास्त पाय दिला तर चाकं फिरतातच. रिकामी असो की भरलेली, भरलेली असताना जरा जास्तच कारण वजन मागे गेलेलं असतं.

पेट्रोल: मिश्र वापरात ८ च्या आसपास लिटर शंभर किमीला, १३० क्रूझला तेवढंच, जोरात हाणली की १४, १५. टाकी ५० लिटरची, म्हणजे घाईत निघालात तर पंपावरही घाईघाईतच पोचता. रूफ बॉक्स लावला की अजून खाते, आणि बॉक्सवरच १३० ची मर्यादा छापलेली आहे.

गिअरबॉक्सचं ऑइल कंपनीच्या वेळापत्रकाच्या आधीच बदललं. ऑइलमधे बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे, क्लचची झीज त्या ऑइलमधेच मिसळते, मग वाट कशाला बघायची. एका वर्कशॉपने आधी "लागत नाही" म्हणून परत पाठवलं होतं, दुसऱ्याने मुकाट्याने केलं. फरक? दुसऱ्या तिसऱ्या गिअरमधला सकाळचा छोटासा हिसका गेला असं मला वाटतं, बायकोला वाटत नाही. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या हाउझिंगमधून कूलंट गळायची तक्रार बऱ्याच लोकांत ऐकू येते, त्यामुळे बॉनेट उघडलं की टॉर्च मारून बघायची सवय लावून घेतलीय, माझ्याकडे अजून कोरडं आहे. ट्यूफवाल्याने फक्त मागच्या डिस्कच्या कडेवरचा गंज दाखवला, पास केलं, पुढच्या वेळेला बघू म्हणाला.

तर आता प्रश्न तुम्हाला. मागच्या ब्रेकचे डिस्क आणि पॅड गणपतीच्या आधी टाकायचे आहेत, कारण तेव्हा परत ढोल आणि म्युनिकची फेरी आहे. कंपनीचेच घेऊ का कोणी कमी धूळ करणारे पॅड रोजच्या वापरात चालवलेत? थंडीत पहिल्या ब्रेकला आवाज करतात का, आणि पावसात पहिली पकड उशिरा लागते का, एवढं दोनच सांगा, ट्रॅकवाले पॅड सुचवू नका.